जंतू मेले, पण रक्त गोठेल ना?

वाचकांचे प्रश्न

दान केलेल्या रक्तापासून वेगळ्या केलेल्या प्लाझ्मा आणि प्लेटलेटच्या पिशव्यांमधले विषाणू, जिवाणू आणि परजीवी निकामी करण्याच्या पद्धती अनेक देशांत रोजच्या वापरात आहेत. आपल्याकडे त्या अजून सर्रास दिसत नाहीत, पण त्यांची माहिती पोहोचली आहे आणि तिच्यासोबत एक रास्त शंकाही. जंतू मारताना रक्त गोठवणारे घटकही मरत असतील, तर त्या पिशवीचा रुग्णाला उपयोग किती? या विषयावर आलेल्या पत्रांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : औषध आणि प्रकाश वापरून जंतू मारतात असं शिकवलं. पण तो प्रकाश प्रथिनांना सोडून फक्त जंतूंनाच कसा गाठतो? आणि गाठत असेल, तर गोठण्याची ताकद का घटते? — डी.एम.एल.टी.ची विद्यार्थिनी, लातूर

निशाणा असतो तो जंतूच्या डीएनए-आरएनएवर. प्लाझ्मातल्या प्रथिनांना काम करायला डीएनए लागत नाही. प्लेटलेटला केंद्रकच नसतं. जंतूला मात्र वाढायचं तर त्याची प्रत काढावीच लागते. सगळी पद्धत या एका फरकावर उभी आहे.

इंटरसेप्ट पद्धतीत अमोटोसालेन हा सोरालेन कुळातला रेणू वापरतात. त्याचं प्रमाण लिटरला सुमारे १५० मायक्रोमोल असतं. तो डीएनएच्या दोन धाग्यांमध्ये शिरून बसतो आणि ३२० ते ४०० नॅनोमीटरचा अतिनील-ए प्रकाश पडला की दोन्ही धागे एकमेकांना टाचून टाकतो. टाचलेले धागे उलगडत नाहीत, म्हणून प्रत निघत नाही. मिरासोल पद्धतीत रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व, अतिनील प्रकाशात डीएनएमधल्या ग्वानीनचं ऑक्सिडीकरण करतं. थेराफ्लेक्समध्ये मिथिलीन ब्लू असतं, तेही लिटरला अवघं १ मायक्रोमोल. त्यावर दृश्य प्रकाश पडला की 'सिंग्लेट ऑक्सिजन' हा अतिशय क्रियाशील ऑक्सिजन तयार होतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर या ऑक्सिजनपाशीच आहे. तो जिथे तयार होतो तिथे जे सापडेल त्याच्याशी अभिक्रिया करतो. डीएनएबरोबर प्रथिनांमधली हिस्टिडीन, ट्रिप्टोफॅन, मेथिओनीन ही अमिनो आम्लंही त्याच्या तावडीत येतात. फायब्रिनोजेनचं उदाहरण घ्या. थ्रॉम्बिनने त्याची टोकं कापली की उरलेले रेणू एकमेकांत अडकतात आणि फायब्रिनचं जाळं विणलं जातं. ऑक्सिडीकरण झालेल्या रेणूंना हे अडकणं नीट जमत नाही. म्हणून प्रतिपिंडाने मोजलं तर फायब्रिनोजेन जवळपास तेवढंच भरतं, आणि गुठळी बनायला किती वेळ लागतो यावरून मोजलं तर कमी भरतं. परीक्षेत हा फरक विचारतात, पण तो खरा कळतो तो वॉर्डात, रक्तस्राव थांबत नसतो तेव्हा.

फॅक्टर आठ हा रक्त गोठवणारा घटक मुळातच नाजूक आहे. उशीर, उष्णता, पुन्हा पुन्हा गोठवणं यातलं काहीच त्याला सोसत नाही. प्रकाशावर चालणाऱ्या तिन्ही पद्धतींत फॅक्टर आठ आणि फायब्रिनोजेन साधारण पाव हिश्श्याने घटतात आणि काही पिशव्यांत घट तिसऱ्या हिश्श्यापर्यंत जाते. फॅक्टर दोन, सात, दहा आणि अँटिथ्रॉम्बिन तुलनेने चांगले टिकतात.

सॉल्व्हंट-डिटर्जंट ही चौथी पद्धत वेगळ्या वाटेने जाते. तिच्यात प्रकाश नसतो. ट्राय-एन-ब्युटिल फॉस्फेट आणि ट्रायटॉन एक्स-१०० ही रसायनं विषाणूचं चरबीचं आवरण विरघळवतात. ज्याला आवरणच नाही, उदाहरणार्थ हिपॅटायटिस ए किंवा पार्व्होव्हायरस बी-१९, तो यातून सुटतो. इथे फॅक्टर आठ बऱ्यापैकी वाचतो आणि फटका बसतो तो प्रोटीन एस आणि अँटिप्लाझ्मिनला. त्याबद्दल पुढे एका पत्राच्या उत्तरात लिहिलं आहे.

प्रश्न : सगळ्या दात्यांच्या रक्ताच्या चाचण्या होतातच. मग एवढा खटाटोप कशासाठी? — नियमित रक्तदाता, फोंडा

भारतात प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, गुप्तरोग म्हणजे सिफिलिस, आणि मलेरिया या पाचांसाठी तपासणी सक्तीची आहे. पण चाचणी जे शोधायला सांगितलं तेवढंच शोधते. संसर्ग नुकताच झाला असेल तर पहिले काही दिवस ती निगेटिव्ह येते. डेंग्यू, चिकुनगुनिया या यादीत नाहीत. आणि सगळ्यात मोठी अडचण प्लेटलेटची आहे. त्या २० ते २४ अंशांवर, सतत हलत ठेवाव्या लागतात. दात्याच्या कातडीवरचा एखादा जिवाणू सुईबरोबर आत गेला तर पाच दिवसांत त्याची भरपूर वाढ होते. रक्त घेताना निघणारे पहिले ३० ते ४० मि.ली. बाजूच्या छोट्या पिशवीत वळवतात ते याचसाठी. तुम्ही दान करताना ती छोटी पिशवी भरताना पाहिली असेल.

प्रश्न : आमच्याकडे प्रक्रिया केलेल्या प्लाझ्माची पडताळणी सुरू आहे. प्रक्रियेनंतर फायब्रिनोजेन काही पिशव्यांत २५ टक्के कमी येतं, तर काहींत ४५ टक्के. उपकरण बिघडलं म्हणावं का? — रक्तकेंद्रातील तंत्रज्ञ, कोल्हापूर

उपकरणाला दोष देण्याआधी नमुना कसा घेतला ते तपासा. एवढा फरक बहुतेक वेळा नमुन्यातून येतो.

पहिली गोष्ट सायट्रेटच्या निळ्या झाकणाच्या नळीची. पिशवीतल्या प्लाझ्मात गोठणरोधक आधीच असतं. तो नमुना सवयीने निळ्या नळीत घातला तर आणखी दहावा हिस्सा सायट्रेट मिसळलं जातं. नमुना पातळ होतो, शिवाय जास्तीच्या सायट्रेटमुळे गोठण्याची वेळही लांबते. पिशवीचा नमुना साध्या प्लॅस्टिकच्या नळीतच घ्या. काचेची नळी नको, काचेच्या स्पर्शाने गोठण्याची साखळी सुरू होते.

दुसरी गोष्ट पातळ होण्याचा हिशेब. रायबोफ्लेविन पद्धतीत ३५ मि.ली. द्रावण पिशवीत जातं आणि तिथेच राहतं. प्लाझ्मा २५० मि.ली. असेल तर एकूण २८५ मि.ली. होतो, म्हणजे काहीही नासलं नाही तरी प्रत्येक घटक १२ टक्के कमी दिसणारच. प्रक्रियेनंतरच्या आकड्याला २८५ भागिले २५०, म्हणजे १.१४ ने गुणलं की रसायनाने आणि प्रकाशाने खरोखर किती नेलं ते कळतं. नोंदवहीत दोन्ही आकडे लिहा. प्रक्रिया नीट झाली का हे गुणलेला आकडा सांगतो. रुग्णाला मात्र न गुणलेलाच आकडा मिळतो.

तिसरं कारण डोळ्यांनी दिसतं. गोठवलेला प्लाझ्मा वितळवून नमुना घेत असाल तर पिशवी उजेडासमोर धरून हलकेच तिरकी करा. तळाशी किंवा कोपऱ्यात पांढुरके, कापसाच्या तंतूंसारखे धागे तरंगताना दिसले तर ते क्रायो, म्हणजे थंडीत प्लाझ्मातून वेगळा होणारा साका (क्रायोप्रेसिपिटेट) आहे. फायब्रिनोजेन आणि फॅक्टर आठ त्या धाग्यांत अडकलेले असतात आणि तुम्ही वरचं पाणी मोजत असता. वॉटर बाथ ३७ अंशांना होता का, पिशवी पूर्ण बुडाली होती का, मधूनमधून हलवली का, हे बघा. अशीच अर्धवट वितळलेली पिशवी मिथिलीन ब्लू काढणाऱ्या फिल्टरमधून किंवा अमोटोसालेन शोषणाऱ्या संचातून सोडली तर ते धागे तिथेच अडकतात. मग तोटा चाचणीपुरता राहत नाही, तो खरा होतो.

चौथं, चाचणीची पद्धत. प्रोथ्रॉम्बिन टाइम या गोठण्याच्या वेळेच्या चाचणीच्या वक्रावरून काढलेलं फायब्रिनोजेन या कामाला चालत नाही. गुठळी बनायला लागणाऱ्या वेळेवरून मोजणारी क्लाउस पद्धतच वापरा, आणि एकाच नमुन्याचे दोन वेगळे पातळ द्रावण करून आकडे जुळतात का ते पाहा. आधीचा आणि नंतरचा नमुना एकाच दिवशी, एकाच लॉटच्या थ्रॉम्बिनवर लावा. लगेच लावणं शक्य नसेल तर दोन्ही उणे ७० अंशांखाली ठेवा. 'आधीचा' काल ताजा मोजला आणि 'नंतरचा' आज गोठवून, अशी तुलना निरर्थक आहे.

हे सगळं जुळलं आणि तरीही फरक राहिला, तर दात्याकडे आणि वेळेकडे वळा. जेवणानंतर लगेच घेतलेला दुधाळ प्लाझ्मा प्रकाश अडवतो. लाल पेशी मिसळून गुलाबी झालेला प्लाझ्माही अडवतो. पण त्यांनी फायब्रिनोजेन वाचतं आणि जंतू मरण्याची खात्री कमी होते, म्हणून ही पिशवी आकडा चांगला आला तरी नापास करायची. पिशवीच्या प्रकाश पडणाऱ्या बाजूला चिकटवलेलं लेबल आणि ट्रेमध्ये दुमडलेला कोपरा यांनाही हेच लागू. चांगला आकडा दिसला की माणूस सैल होतो, आणि इथे नेमका तोच आकडा फसवतो.

आणखी एक सूचना. ओ गटाच्या लोकांमध्ये फॅक्टर आठ आणि त्याला रक्तात धरून ठेवणारा व्हॉन विलेब्रांड फॅक्टर इतर गटांपेक्षा सुमारे पाव हिश्श्याने कमी असतात. समजा, ओ गटाच्या पिशवीत प्रक्रियेआधी मि.ली.ला ०.८५ युनिट फॅक्टर आठ आहे आणि २८ टक्के गेलं, तर उरतं ०.६१. ए गटाच्या पिशवीत १.१५ असेल तर तेवढ्याच घटीनंतर ०.८३ उरतं. युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांत साध्या एफएफपीसाठी, म्हणजे ताज्या गोठवलेल्या प्लाझ्मासाठी, सरासरी ०.७० आणि जंतू निष्क्रिय केलेल्या प्लाझ्मासाठी ०.५० युनिट ही मर्यादा धरली आहे. फायब्रिनोजेन ताज्या प्लाझ्माच्या किमान ६० टक्के असावं, असंही त्यांत म्हटलं आहे. म्हणून पडताळणीचे निकाल गटवार वेगळे मांडा. सगळे गट एकत्र करून सरासरी काढली तर ओ गटाच्या पिशव्या कुठे उभ्या आहेत ते झाकलं जातं. रक्त काढल्यापासून प्रकाशाखाली जाईपर्यंतचा वेळ प्रत्येक पिशवीपुढे मिनिटांत लिहा. शिबिरातून उशिरा आलेल्या पिशव्या वेगळ्या ओळखू येतील.

प्रश्न : प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात आम्ही 'दहा क्रायो' असं ठरीव मागतो. प्रक्रिया केलेल्या प्लाझ्मापासून बनवलेलं क्रायो आलं तर हा आकडा बदलायचा का? — भूलतज्ज्ञ, नाशिक जिल्हा

हो, बदलायचा, आणि तोही हिशेबाने. ६० किलोच्या बाईच्या अंगात प्लाझ्मा साधारण २.४ लिटर, म्हणजे २४ डेसिलिटर. फायब्रिनोजेन १०० वरून २०० मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटरवर न्यायचं तर २४ गुणिले १००, म्हणजे २,४०० मि.ग्रॅ. हवं. तुमच्या रक्तकेंद्राच्या साध्या क्रायोत पिशवीमागे सरासरी २४० मि.ग्रॅ. असेल तर दहा पिशव्या पुरतात. प्रक्रियेत पाव हिस्सा गेला आणि पिशवीत १८० उरलं, तर तेरा-चौदा लागतात. यात चालू रक्तस्रावात वाहून जाणारं धरलेलं नाही, म्हणून प्रत्यक्षात आणखी लागेल.

इथे '२४०' हा आकडा तुमचा नाही, तुमच्या रक्तकेंद्राचा आहे. गुणवत्ता-तपासणीत मिळालेली क्रायोची सरासरी त्यांच्याकडून लेखी मागून घ्या आणि लेबर रूमच्या भिंतीवर लावा. प्रक्रिया केलेलं आणि न केलेलं क्रायो मिळत असेल तर दोन वेगळ्या ओळी. पिशव्या दिल्यावर क्लाउस फायब्रिनोजेन पुन्हा पाठवा. गुठळीची ताकद मोजणारं रोटेम यंत्र असेल तर त्यातल्या फिबटेम या फायब्रिनोजेनच्या चाचणीचा दहाव्या मिनिटाचा आकडा पाहा, तो लवकर हाती येतो.

या प्रक्रियेतून एक मोठा फायदाही निघाला आहे. साधं क्रायो वितळवलं की काही तासांत वापरावं लागतं, कारण खोलीच्या तापमानाला त्यात जिवाणू वाढू शकतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने नोव्हेंबर २०२० मध्ये इंटरसेप्ट पद्धतीने बनवलेल्या क्रायोला मान्यता दिली. ते वितळवून खोलीच्या तापमानाला पाच दिवस ठेवता येतं. प्रसूतीच्या रक्तस्रावात वितळवण्याची वीस-तीस मिनिटं वाचणं हे पिशवीमागे ६० मि.ग्रॅ. कमी मिळण्यापेक्षा आमच्या मते कितीतरी मोलाचं आहे. मात्र हे उत्पादन फायब्रिनोजेनसाठी आहे, फॅक्टर आठच्या कमतरतेसाठी ते वापरायचं नाही.

प्रश्न : माझ्या मुलाला हिमोफिलिया ए आहे. फॅक्टरच्या कुपीवरही 'विषाणू निष्क्रिय केलेले' असं लिहिलेलं असतं. म्हणजे त्यातही फॅक्टर कमी असतो का? मग क्रायो बरं नाही का? — एक आई, सातारा

कुपीत असतो तो हिमोफिलिया एमध्ये जन्मतः कमी असणारा फॅक्टर आठ. कुपीवर ५०० युनिट लिहिलं असेल तर तुमच्या मुलाला ५०० युनिटच मिळतात. कारखान्यात सॉल्व्हंट-डिटर्जंट किंवा उष्णतेच्या प्रक्रियेत फॅक्टरचा काही भाग नक्की जातो, पण कुपीवरचा आकडा सगळं झाल्यावर, अखेरीस मोजून छापलेला असतो. झालेला तोटा त्यात आधीच वजा आहे. तुम्हाला काही जास्त द्यायचं नाही.

क्रायोच्या पिशवीवर असा आकडा नसतो. चांगल्या पिशवीत किमान ८० युनिट धरतात, पण प्रत्येक पिशवी वेगळी. हिशेब असा : किलोमागे १ युनिट दिलं की रक्तातला फॅक्टर आठ २ टक्क्यांनी वाढतो. मुलगा ३० किलोचा असेल आणि सांध्यातल्या रक्तस्रावासाठी ४० टक्क्यांपर्यंत न्यायचं असेल तर ३० गुणिले २०, म्हणजे ६०० युनिट लागतील. कुपीतून ते एका छोट्या सिरिंजमध्ये बसतं. साध्या क्रायोच्या साडेसात, म्हणजे आठ पिशव्या लागतील. त्यात आठ वेगळ्या दात्यांचं रक्त, आणि साध्या क्रायोत विषाणू निष्क्रिय केलेले नसतात. १९८०च्या दशकात जगभर हिमोफिलियाच्या हजारो रुग्णांना एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी झाला. तो प्रक्रिया न केलेल्या फॅक्टरमधून आणि रक्तघटकांतून झाला. त्यानंतर आलेल्या उष्णता आणि सॉल्व्हंट-डिटर्जंट प्रक्रियांनी फॅक्टरच्या कुप्यांमधला हा मार्ग बंद केला. म्हणून कुपी मिळत असताना क्रायोकडे जाऊ नका. जिल्हा रुग्णालयाच्या हिमोफिलिया डे-केअर केंद्रात मुलाची नोंद असू द्या आणि घरच्या फ्रिजमधल्या कुपीची अंतिम तारीख दर महिन्याला बघत जा.

जिथे कुप्या परवडत नाहीत तिथे मधला मार्ग शोधला गेला आहे. इजिप्तमध्ये कैरोत साधारण ४० दात्यांचं क्रायो एकत्र करून, पिशव्यांच्याच बंद संचात सॉल्व्हंट-डिटर्जंटने विषाणू निष्क्रिय करण्याची पद्धत उभी राहिली. मोठ्या कारखान्याशिवाय, रक्तकेंद्रातच हे होऊ शकतं हे त्यातून दिसलं.

प्रश्न : झुरिकमध्ये माझ्या वडिलांवर रक्ताच्या कर्करोगाचे उपचार चालू आहेत. इथे सगळ्या प्लेटलेट प्रक्रिया केलेल्याच मिळतात. भारतात प्लेटलेट दिल्यावर काउंट जास्त वाढायचा, असं त्यांना वाटतं. हे खरं असू शकतं का? — वाचक, झुरिक

असू शकतं. स्वित्झर्लंडने २०११ पासून देशातल्या सगळ्या प्लेटलेट इंटरसेप्ट पद्धतीने प्रक्रिया करायला सुरुवात केली. फ्रान्समध्ये २०१७ च्या अखेरीस तसंच झालं. काउंटमधली वाढ थोडी कमी होणं ही या पद्धतीची माहीत असलेली किंमत आहे. मात्र वाढ कमी म्हणजे रक्तस्राव जास्त, असं गणित थेट लावता येत नाही.

आधी वाढ योग्य रीतीने मोजायला हवी. वडिलांचा काउंट देण्याआधी ८,००० आणि एका तासाने २६,००० आला असं धरू. वाढ १८,०००. तिला शरीराच्या पृष्ठफळाने, समजा १.६ चौरस मीटरने गुणायचं आणि पिशवीतल्या प्लेटलेट किती × १०¹¹ होत्या त्या आकड्याने भागायचं. पिशवीत ३ × १०¹¹ असतील तर १८,००० × १.६ ÷ ३ = ९,६००. दुसऱ्या वेळी वाढ १३,००० च झाली, पण पिशवीत २.६ × १०¹¹ होत्या, तर १३,००० × १.६ ÷ २.६ = ८,०००. एका तासाला ७,५०० च्या वर आणि २४ तासांनी ४,५०० च्या वर असेल तर सहसा समाधानकारक मानतात. म्हणजे नुसत्या काउंटमध्ये जो मोठा फरक दिसला, त्यातला काही भाग पिशवीतला डोस कमी असल्याचा होता. अमोटोसालेन शोषून घेणाऱ्या टप्प्यात आणि एका पिशवीतून दुसरीत जाताना काही प्लेटलेट मागे राहतातच. डोस किती होता हे तिथल्या नर्सला विचारा, नोंद असते.

उरलेला भाग प्लेटलेटच्या तब्येतीचा. प्लेटलेटला केंद्रक नसलं तरी मायटोकॉन्ड्रिया असतात आणि त्यांत डीएनए असतं. प्रक्रियेत तेही टाचलं जातं. मग ऊर्जेसाठी प्लेटलेट ग्लुकोज जास्त जाळतात, लॅक्टेट साठतं, पीएच उतरतो. त्यांच्या पृष्ठभागावर पी-सिलेक्टिन दिसू लागतं, म्हणजे त्या वापरण्याआधीच अर्ध्या जाग्या झालेल्या असतात. अशा प्लेटलेट शरीरातून लवकर निघून जातात. चांगली पिशवी उजेडासमोर हलकेच हलवली की रेशमी कापडासारखी लहर चमकताना दिसते. प्लेटलेट चपट्या असतात तेव्हाच ती दिसते. पाचव्या दिवशी ती मंद होते, प्रक्रिया केलेल्या पिशवीत काही वेळा जरा आधीच.

रक्तस्रावाचं काय? अमेरिकेतल्या स्प्रिंट चाचणीत ६४५ रुग्ण होते. मध्यम किंवा त्याहून जास्त रक्तस्राव प्रक्रिया केलेल्या गटात ५८.५ टक्के रुग्णांना झाला, साध्या गटात ५७.५ टक्के. म्हणजे जवळपास सारखाच. पण वरच्या हिशेबाने काढलेली एका तासाची वाढ ११,१०० विरुद्ध १६,००० होती, आणि प्रत्येक रुग्णाला सरासरी ८.४ पिशव्या लागल्या, दुसऱ्या गटात ६.२. फ्रान्समधल्या ७९० रुग्णांच्या नंतरच्या चाचणीत रक्तस्राव प्रक्रिया केलेल्या गटात ४७.९ टक्के, प्लाझ्मात ठेवलेल्या साध्या प्लेटलेटच्या गटात ४३.५ टक्के आणि साठवण-द्रावणात ठेवलेल्या साध्या गटात ४५.३ टक्के होता. संशोधकांनी आधी ठरवलेल्या कसोटीवर प्रक्रिया केलेल्या प्लेटलेट साठवण-द्रावणातल्या प्लेटलेटच्या तोडीस उतरल्या, प्लाझ्मातल्यांच्या तोडीच्या असल्याचं सिद्ध झालं नाही. आम्ही याचा अर्थ असा लावतो : या प्लेटलेट रक्तस्राव थांबवतात, पण कमी दिवस पुरतात, म्हणून जास्त वेळा द्याव्या लागतात. त्याच्या बदल्यात जिवाणूंच्या संसर्गाचा धोका फार मोठ्या प्रमाणात टळतो. आणि पिशवीत आलेल्या दात्याच्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशीही निकामी होतात, त्यामुळे वेगळं किरणन करावं लागत नाही. केमोथेरपी चालू असलेल्या माणसासाठी या दोन्ही गोष्टी मोठ्या आहेत.

डॉक्टरांना हे विचारा : एका तासाची वाढ सलग दोनदा खराब आली का? तसं असेल तर प्रक्रियेला दोष न देता एचएलए प्रतिपिंडांची, म्हणजे दात्याच्या पेशींविरुद्ध बनलेल्या प्रतिपिंडांची, तपासणी करायला हवी. एका तासाला चांगली आणि २४ तासांनी खराब येत असेल तर ताप, जंतुसंसर्ग, वाढलेली प्लीहा, बुरशीवरच्या ॲम्फोटेरिसिनसारखी औषधं ही कारणं आधी शोधतात.

प्रश्न : यकृत प्रत्यारोपणात सॉल्व्हंट-डिटर्जंट प्लाझ्मा वापरू नये असं काही ठिकाणी वाचलं. तो तर सर्वांत सुरक्षित समजला जातो ना? — भूलशास्त्राचा निवासी डॉक्टर, पुणे

दोन वेगळ्या उत्पादनांची माहिती इथे एकात मिसळली आहे. अमेरिकेत १९९८ मध्ये या पद्धतीचा पहिला प्लाझ्मा मान्य झाला होता. यकृत प्रत्यारोपणाच्या रुग्णांत गुठळ्या होऊन आणि अतिरक्तस्राव होऊन मृत्यू नोंदले गेले, त्यावर ठळक इशारा आला आणि २००२ मध्ये तो बाजारातून गेला. त्यात प्रोटीन एस आणि अँटिप्लाझ्मिन दोन्ही फार कमी होते. प्रोटीन एस हा गुठळीला आवर घालणारा घटक. तो नसला की नको तिथे गुठळी होते. अँटिप्लाझ्मिन हा गुठळी विरघळवणाऱ्या प्लाझ्मिनला आवर घालतो. तो नसला की झालेली गुठळी टिकत नाही. यकृत निकामी असताना दोन्ही घटक आधीच कमी असतात, त्यात असा प्लाझ्मा लिटरच्या हिशेबाने गेला की तराजू कुठल्याही बाजूला कलतो.

ऑक्टाप्लास हे दुसरं उत्पादन आहे. ते ६३० ते १,५२० दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून बनतं, आणि २०१३ मध्ये एफडीएने त्याला मान्यता दिली. त्यात हे दोन्ही घटक आधीच्यापेक्षा बरे, पण साध्या एफएफपीपेक्षा कमीच आहेत. प्रोटीन एसची तीव्र जन्मजात कमतरता असलेल्याला ते देत नाहीत. प्रत्यारोपणात वापरत असाल तर टेग या तशाच यंत्रावर किंवा रोटेमवर गुठळी विरघळते आहे का, हे नव्या यकृताला रक्तपुरवठा सुरू होतानाच्या टप्प्यात लक्ष ठेवून पाहा. तसं दिसलं तर आणखी प्लाझ्मा ओतून ते थांबणार नाही, गुठळी विरघळू न देणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचा विचार करावा लागेल.

एरवी या प्लाझ्माचे गुण लक्षणीय आहेत. शेकडो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र झाल्याने प्रत्येक पिशवी २०० मि.ली.ची, घटकांचं प्रमाण सारखं. एखाद्या दात्याचे प्रतिपिंड इतके पातळ होतात की ट्राली, म्हणजे रक्त दिल्यावर फुप्फुसाला होणारी तीव्र इजा, जवळपास दिसत नाही. व्हॉन विलेब्रांडचे अतिशय मोठे रेणू त्यात नसतात, म्हणून टीटीपीमध्ये, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याच्या आजारात, प्लाझ्मा बदलण्यासाठी तो सोयीचा ठरतो.

प्रश्न : आमच्या भागात मलेरिया आहे आणि घटक वेगळे करायची सोय जवळ नाही. संपूर्ण रक्तावर ही प्रक्रिया होऊ शकते का? मग ते रक्त गोठेल का? — वैद्यकीय अधिकारी, गडचिरोली जिल्हा

लाल पेशी प्रकाश शोषतात, त्यामुळे संपूर्ण रक्ताला खूप जास्त ऊर्जा लागते. तरी ते जमलं आहे. घानातल्या कुमासी शहरात रायबोफ्लेविन आणि अतिनील प्रकाशाने प्रक्रिया केलेलं संपूर्ण रक्त रुग्णांना दिलं गेलं. २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मलेरियाचे परजीवी असलेलं रक्त मिळालेल्यांपैकी साध्या गटात २२ टक्के रुग्णांकडे परजीवी गेले, प्रक्रिया केलेल्या गटात ४ टक्क्यांकडे.

गोठण्याच्या बाबतीत मात्र अपेक्षा मर्यादित ठेवा. फॅक्टर आठ आणि फायब्रिनोजेन प्लाझ्माप्रमाणेच घटतात. शिवाय लाल पेशी लवकर फुटू लागतात, त्यामुळे अशी पिशवी नेहमीच्या ३५ दिवसांऐवजी तीन आठवड्यांच्या आत वापरावी लागते. तुमच्या पत्रावरून वाटतं की तुम्हाला ती मुख्यतः ॲनिमियाच्या गरोदर बायांसाठी हवी आहे. त्या कामाला ती उत्तम. पण तीच पिशवी प्रसूतीच्या रक्तस्रावात 'रक्तही जाईल, गोठेलही' म्हणून लावू नका. चार अंशांवर काही दिवस ठेवलेल्या संपूर्ण रक्तात, प्रक्रिया नसली तरी, फॅक्टर आठ बराच उतरलेला असतो. तशा वेळी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम शिरेतून, दहा मिनिटांत, बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत द्या. २० मिनिटांची गुठळी-चाचणी खाटेशेजारीच लावा : साध्या काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत २ मि.ली. रक्त घ्या, न हलवता उभं ठेवा आणि २० मिनिटांनी नळी तिरकी करा. रक्त वाहिलं तर क्रायोसाठी जिल्हा रुग्णालयाला त्याच क्षणी फोन करा आणि गाडी निघू द्या. रिपोर्टची वाट पाहू नका.